प्रॉक्झिमाबद्दल भावोजी काय म्हणाले

भावोजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्यांच्याच पुस्तिकेचं सातवं पान लावत होतो. रविवारची सकाळ होती, साडेनऊ वाजले असतील. डोंबिवलीत आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, सोसायट्यांचे अहवाल, हरवल्या-सापडल्याच्या नोटिसा, काय वाटेल ते मी लावतो, आणि रविवारी शटर अर्धं खाली ओढून घरची कामं उरकतो. पुस्तिका हे घरचं काम होतं. फोनवर ताई म्हणाली, "सुधीर, ये. झालं..." मी हो म्हणालो, फोन ठेवला आणि सातव्या पानावरची एक चुकलेली वेलांटी दुरुस्त केली. का केली ते मला आजही सांगता येणार नाही. मग फाईल सेव्ह केली, शटर पूर्ण ओढलं आणि निघालो. माणकोलीच्या पुलावरून हल्ली कोलशेत जवळ झालंय म्हणतात, पण माजिवड्याला अडकायचा तो अडकलोच. तिथे गाडीत बसून रडू यायला हवं होतं. आलं नाही. डोक्यात एकच घोळत होतं, की आता हे विचारायचं कोणाला? सहा दिवसांपूर्वी त्यांनी मला एक गोष्ट सांगितली होती, ती माझ्या डोक्यात नीट बसलेली नव्हती, आणि मी मनात म्हटलं होतं की पुढच्या खेपेला विचारू.

भावोजी म्हणजे रमाकांत तळवडेकर, माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. कोलशेतच्या एका कारखान्याच्या लॅबमध्ये त्यांनी सगळी नोकरी काढली. काम पाण्याचं. कारखान्यातलं पाणी, आसपासच्या वस्त्यांचं पाणी, विहिरी, टाक्या, नळ. बाटलीतून नमुना यायचा, भावोजी तपासायचे आणि छापील अहवालावर सही करायचे. अहवालाच्या तळाशी 'पिण्यास योग्य / अयोग्य' असं असायचं आणि खाली बारीक अक्षरांत 'लागू नसेल ते खोडावे'. हा माणूस आयुष्यभर त्या दोन शब्दांतला एक खोडत आला आणि निवृत्त झाल्यावर ताऱ्यांच्या मागे लागला. ताऱ्यांच्या म्हणजे सगळ्याच नव्हे, फक्त शेजारच्या. लांबच्या आकाशगंगा, कृष्णविवरं यांत त्यांना अजिबात रस नव्हता. दहा-बारा, फार तर चाळीस प्रकाशवर्षांच्या आतले तारे, त्यांच्याभोवती ग्रह आहेत का, आणि असले तर तिथे कोणी राहू शकेल का, एवढाच त्यांचा विषय. शेजारी कोण राहतंय ते माहीत असावं, असं ते म्हणायचे. ताई म्हणायची, आपल्या मजल्यावर समोरच्या दारात कोण राहतंय ते यांना अजून माहीत नाही.

माझी आणि त्यांची खरी गाठ पडली ती मी बारावीला नापास झालो तेव्हा. आमचं गाव देवगडकडचं. वडिलांनी मला ताईकडे पाठवून दिलं, म्हणजे एका अर्थी घरातून घालवलंच. तेव्हा ही दोघं टेंभी नाक्याजवळ दोन खोल्यांत राहत होती, नवीनच लग्न झालेलं. भावोजींनी मला पहिल्या दिवशी विचारलं, पुढे काय करायचं ठरवलंयस? मी म्हटलं, माहीत नाही. मला वाटलं आता भाषण ऐकावं लागणार. ते म्हणाले, माहीत नाही हे उत्तर चांगलं आहे, खरं आहे, पण ते लिहून द्यायला तरी आलं पाहिजे. आणि दुसऱ्या दिवशी मला मराठी टायपिंगच्या क्लासला घालून आले. त्यावर माझा आजवरचा संसार उभा आहे. आभार वगैरे मी कधी मानले नाहीत. आमच्यात ती पद्धत नाही. त्याऐवजी मी त्यांच्याशी वाद घातले.

वादाचा विषय त्यांच्या निवृत्तीनंतर कायमचा ठरून गेला. डोंबिवलीत आमच्या भागातल्या शाळेच्या हॉलमध्ये दर महिन्याच्या एका रविवारी दुपारी एक आकाश अभ्यास मंडळ भरतं. पंधरा-वीस पेन्शनर, दोन-तीन उत्साही बायका, आणि पंखा जिथे चालू असेल तिथे सरकणाऱ्या खुर्च्या. तिथे भावोजी 'शेजारचे तारे' या विषयावर बोलायला यायचे आणि जेवायला आमच्याकडे थांबायचे. माझं म्हणणं साधं होतं, की तिकडे काही नाही. दगड आणि धूळ. एवढा खटाटोप करून दगड बघायचे तर मुंब्र्याचा डोंगर काय वाईट? ताईचं म्हणणं अगदी उलट. एवढी मोठी इमारत बांधून कोणी सगळे फ्लॅट रिकामे ठेवतं का, असं ती विचारायची. तिच्या डोळ्यांसमोर तिथली बाई धुणं वाळत घालताना स्पष्ट दिसायची. आणि भावोजी? ते मला आणि तिला दोघांनाही एकच विचारायचे, "नमुना कुठाय?"

हे नुसतं बोलणं नव्हतं, त्यांनी त्याची रीतच पाडली होती. प्रत्येक शेजारच्या ताऱ्याचा त्यांनी एक अहवाल तयार केला होता, अगदी लॅबमधल्या पाण्याच्या अहवालासारखा. वर नमुना क्रमांक. मग उगम, अंतर, दिसण्यास कसा, स्वभाव. 'स्वभाव' हा रकाना त्यांनी स्वतः घातलेला. व्याध दिसायला इतका तेजस्वी, पण तापट आणि वयाने लहान, शिवाय त्याचा जोडीदार कधीच विझलेला. मित्र हा तारा, म्हणजे खरं तर दोन ताऱ्यांची जोडी, त्यांचा फार लाडका. उन्हाळ्यात जेवणं झाल्यावर ते मला कोलशेतच्या त्यांच्या इमारतीच्या गच्चीवर न्यायचे आणि दक्षिणेला अगदी खाली बोट दाखवायचे. हल्ली तिथे तीस मजली टॉवर आलेत, त्यांच्यामधल्या फटीतून तो दिसला तर दिसायचा. त्या मित्राचं तिसरं भावंड म्हणजे प्रॉक्झिमा, सूर्य सोडला तर आपल्याला सगळ्यांत जवळचा तारा, सव्वाचार प्रकाशवर्षांवर. आणि तो नुसत्या डोळ्यांना दिसतच नाही. लहानसा, तांबडा, मंद. याचं भावोजींना भारी कौतुक होतं, की सगळ्यांत जवळचा तो दिसत नाही आणि लोक लांबच्यांची नावं पाठ करतात. प्रत्येक अहवालात पुढे 'नमुना प्राप्त झाल्याची तारीख' असायची आणि तिथे ते नेमाने लिहायचे, 'प्राप्त नाही'. तळाशी 'राहण्यास योग्य / अयोग्य. लागू नसेल ते खोडावे'. एकाही अहवालात त्यांनी काही खोडलं नव्हतं. असे चोवीस अहवाल. त्यांचीच पुस्तिका मी लावत होतो.

प्रॉक्झिमाच्या ग्रहावर ते तासभर बोलू शकत. तो ग्रह आपल्या ताऱ्याला इतका चिकटून फिरतो की त्याचं वर्ष अकरा दिवसांचं. बहुधा त्याची एकच बाजू कायम ताऱ्याकडे, म्हणजे एकीकडे सतत दिवस, दुसरीकडे सतत रात्र. एकाच बाजूने भाजलेली भाकरी, ते म्हणायचे, इकडे करपलेली, तिकडे कच्ची. पण मधे गोल कडेकडेने एक पट्टा उरतो, तिथे कायम संध्याकाळचे साडेसहा वाजलेले. तिथे बरी हवा असू शकेल, पाणीही असेल. मंडळातल्या बायका लगेच सुटकेचा निःश्वास टाकायच्या. मग ते सांगायचे, पण हा तांबडा तारा स्वभावाने वाईट आहे, अधूनमधून भडकतो, आणि भडकला की ग्रहावरची हवा उडवून लावत असणार. बायका पुन्हा चिंतेत. मी मागच्या रांगेतून विचारायचो, म्हणजे नक्की काय? हो की नाही? ते म्हणायचे, माहीत नाही. एकदा तर मी वैतागून म्हटलं, भावोजी, आठ वर्षं तुम्ही तेच सांगताय. ते म्हणाले, आठ वर्षांत नमुना आलेला नाही.

त्यांचा हा हट्ट कुठून आला ते मला फार उशिरा कळलं. नोकरीच्या सुरुवातीला खाडीलगतच्या एका गावातून विहिरीच्या पाण्याचा नमुना मागवला होता. कंपनीचा माणूस बाटली घेऊन गेला, त्याने विहिरीजवळच्या घरातल्या बाईला सांगितलं, साहेबांना तपासायला विहिरीचं पाणी हवंय, एवढी बाटली भरून दे. तिने घरात जाऊन माठातलं, दुहेरी फडक्यातून गाळलेलं, उकळून थंड केलेलं पाणी भरून दिलं. बाहेरच्या माणसाला, त्यात साहेबाला, विहिरीतलं गढूळ पाणी कसं द्यायचं? तिला लाज वाटली. भावोजींनी तपासलं, पाणी उत्तम निघालं, त्यांनी 'अयोग्य' खोडून सही केली. पंधरवड्याने त्या गावातली दोन मुलं काविळीने अंथरुणाला खिळली. पुढे बरी झाली ती मुलं, पण भावोजी त्या घरी गेले तेव्हा त्या बाईने त्यांना पुन्हा त्याच माठातलं पाणी प्यायला दिलं आणि त्यांनी ते प्यायलं. हे सांगताना ते हसत होते, आणि मग म्हणाले, "माणूस समोरच्याला चांगलंच पाणी देतो रे. म्हणून दुसऱ्याच्या हातून आलेल्या नमुन्यावर सही करायची नाही." त्यानंतर निवृत्त होईपर्यंत ते स्वतः विहिरीवर जात.

आता त्या शेवटच्या आठवड्याचं सांगतो. फुप्फुसं दोन वर्षांपासून थकली होती, घरात ऑक्सिजनचं मशीन होतं, बोलायला दम लागायचा. सोमवारी दुपारी मी पुस्तिकेच्या पानांचे प्रिंट घेऊन गेलो. ताई खाली औषधं आणायला गेली होती. त्यांनी पानं चाळली, माझ्या दोन चुका काढल्या, आणि प्रॉक्झिमाच्या पानावर थांबले. मला म्हणाले, तुला अजून वाटतं का तिथे काही नाही? मी नेहमीसारखा म्हणालो, दगड आणि धूळ. त्यांनी नाकावरची नळी जरा बाजूला केली आणि म्हणाले, "आहे, सुधीर. तिथे आहे." मी म्हटलं, कशावरून? नमुना आला का? ते डोळे मिटून पडून राहिले. तेवढ्यात ताई आली, औषधांची गडबड सुरू झाली. परतताना मी सगळा रस्ता भांबावून गेलो होतो आणि खरं सांगायचं तर मनातून सुखावलोही होतो. इतक्या वर्षांत या माणसाने मला पहिल्यांदा सरळ उत्तर दिलं होतं. मला वाटलं, माझ्यावर सही केली.

दहावं, अकरावं, बारावं सगळं रीतसर झालं. अकराव्याला गुरुजी काहीतरी म्हणत असताना मला एकदम सुचलं की प्रॉक्झिमाच्या हिशेबाने आज भावोजींना जाऊन एक वर्ष होतंय. मी ते भाचीला हळूच सांगितलं, ती रडता रडता हसली आणि मग दोघांनाही अपराध्यासारखं वाटलं. पुढच्या रविवारी मंडळाने शाळेच्या हॉलमध्ये शोकसभा ठेवली. पत्रक मीच लावलं. फोटो, जन्मगाव, नोकरी, व्याख्याने, आणि शेवटी, मला मोह आवरला नाही, मी एक वाक्य घातलं: 'प्रॉक्झिमाच्या ग्रहावर जीवसृष्टी आहे, असे त्यांनी अखेरच्या आठवड्यात प्रस्तुत लेखकाला सांगितले होते.' प्रस्तुत लेखक हा शब्द लावताना माझी छाती जरा फुगली होती, हे कबूल करतो.

सभेत तीन भाषणं झाली, सगळी कुठल्यातरी अनोळखी माणसाबद्दल वाटावीत अशी. मग अध्यक्षांनी ताईला विचारलं, वहिनी, दोन शब्द बोलाल का? मला वाटलं ती मानेनेच नाही म्हणेल. ती उठली. हातात माझं पत्रक होतं, चष्मा नाकावर होता. "यात शेवटी लिहिलंय ते खोटं आहे," ती म्हणाली. "मला त्यांनी गुरुवारी सांगितलंय, तिथे काही नाही." आणि ती बसली. मागच्या रांगेतले एक गृहस्थ शेजाऱ्याला विचारत होते, कुठे काही नाही? अध्यक्षांनी घसा साफ केला आणि मौन पाळू या म्हणाले. मी ती दोन मिनिटं कसा उभा राहिलो ते मलाच माहीत. भावोजींऐवजी मी माझ्या अब्रूचा विचार करत होतो.

रिक्षात बसेपर्यंत ताई माझ्याशी बोलली नाही. मी म्हटलं, अगं, मला त्यांनी खरंच सांगितलं. ती म्हणाली, मलाही खरंच सांगितलं. गुरुवारी सकाळी ती त्यांचे पाय चेपत होती, बोलता बोलता सहज म्हणाली की बरे झालात की तुमच्या त्या साडेसहाच्या पट्ट्यातल्या बाईला भेटून येऊ. ते म्हणाले, नाही गं शालू, तिथे कोणी नाही, आपण एकटेच आहोत. हे सांगताना ताईला रडू फुटलं. तिला ग्रहाचं दुःख नव्हतं, एवढं मलाही कळलं. जाताना माणसाने असं एकटेपण हातात ठेवून का जावं, हे तिचं दुःख होतं. आणि त्यावर मी छापून टाकलं होतं की माझ्या हातात त्यांनी दुसरंच काही ठेवलं. "सेहेचाळीस वर्षं मी संसार केला," ती म्हणाली, "आणि खरं काय ते तुला सांगून गेले होय?" मी मीटरकडे बघत बसलो.

त्यानंतर तीन आठवडे आमचं धड बोलणं नव्हतं. फोनवर विचारलं तर जेवले, बरी आहे, एवढंच. मी दुकानात बसून पुस्तिकेच्या त्या पानाकडे बघत राहायचो. त्या विहिरीवरच्या बाईची गोष्ट सारखी आठवायची. आम्हा दोघांत गाळलेलं पाणी कोणाला मिळालं? मी पाहुणा, बाहेरचा, म्हणून मला गोड दिलं आणि बायकोला विहिरीतलं जसंच्या तसं? की तिला पुढे एकटीने राहायचंय म्हणून मन घट्ट व्हावं असं सांगितलं, आणि खरं मला? की ऑक्सिजन कमी पडत होता आणि सोमवारचं गुरुवारी त्यांना आठवतच नव्हतं? डॉक्टरांना फोन करून मी विचारलंसुद्धा, त्यांना भ्रम वगैरे होत होता का? डॉक्टर म्हणाले, अधूनमधून होऊ शकतो. म्हणजे तेही 'माहीत नाही'च. गंमत अशी की एवढी वर्षं दगड आणि धूळ म्हणणारा मी आता 'आहे' म्हणून भांडत होतो, आणि धुणं वाळत घालणारी बाई जिला दिसायची ती ताई 'नाही' म्हणून. आपापल्या मताचं आम्हाला दोघांनाही काही पडलं नव्हतं. आपल्याला सांगितलेलं खरं असावं, एवढंच हवं होतं.

शेवटी गेल्या शनिवारी दुपारी मी कोलशेतला गेलो. मंडळवाले पुस्तिकेसाठी मागे लागले होते आणि ताईला विचारल्याशिवाय छापायची हिंमत नव्हती. तिने जाळीचं दार उघडलं, पाणी दिलं, समोर बसली. मी म्हटलं, त्यांची मूळ फाईल काढ, हस्ताक्षरातली, त्यात काय आहे ते बघू आणि तेच छापू. तिने कपाटातून फाईल काढली. प्रॉक्झिमाचा अहवाल निघाला. नमुना प्राप्त नाही. तळाशी दोन्ही शब्द तसेच. पण कागद उजेडात धरला तर दिसलं, 'योग्य'वर पेन्सिलीने रेघ मारून ती खोडरबराने पुसलेली होती. मी मनात म्हटलं, हरलो. मग ताईने कागद स्वतःकडे ओढला आणि म्हणाली, 'अयोग्य'वरची पण पुसलेली आहे. होती खरी. कागद त्या जागी दोन्हीकडे सारखाच झिजला होता. म्हणजे हा माणूस आमच्या माघारी एकटाच बसून एकदा हे खोडत होता, एकदा ते, आणि पुन्हा पुसत होता. किती वेळा, कोण जाणे. आम्ही दोघं त्या कागदाकडे बघत बसलो आणि तरीही भांडलो. आधी काय पुसलं आणि मागाहून काय, यावर भांडलो.

त्यात बेल वाजली. आग्नेसबाई आल्या होत्या. भावोजींच्या हाताखाली लॅबमध्ये त्यांनी वीसेक वर्षं काम केलेलं. वसईला मुलीच्या बाळंतपणात अडकल्यामुळे त्यांना यायला उशीर झाला होता. ताईचे हात हातात घेऊन त्या बसल्या. मग टेबलावरच्या कागदाकडे त्यांचं लक्ष गेलं आणि ताईने, मला वाटतं एखादा साक्षीदार मिळावा म्हणून, त्यांना सगळं सांगितलं. सोमवारचं, गुरुवारचं, पत्रकाचं. सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती. आग्नेसबाईंनी शेवटपर्यंत ऐकलं आणि पदराने डोळे पुसले, पण त्या हसत होत्या.

त्या म्हणाल्या, सर लॅबमध्ये असंच करायचे. एकच पाणी दोन बाटल्यांत भरून आणायचे आणि वेगवेगळे नंबर टाकायचे. एक बाटली आग्नेसबाईंना, दुसरी दुसऱ्या कोणाला. आणि देताना मुद्दाम काहीतरी बोलायचे. आग्नेसबाई स्वभावाने धास्तावलेल्या, त्यांना प्रत्येक पाणी वाईट वाटायचं, तर त्यांना सांगायचे, हे पाणी एकदम छान आहे हां. दुसरा आरामशीर, त्याला सांगायचे, याचं काही खरं दिसत नाही. "आमच्या मनात असेल त्याच्या उलट सांगायचे," त्या म्हणाल्या. "साहेबाने सांगितलं म्हणून आम्ही तसंच लिहितो का, ते बघायला." कोणालाच खरं सांगायचे नाहीत का, असं मी विचारलं. त्यांना स्वतःला तरी कुठे माहीत असायचं, त्या म्हणाल्या, म्हणून तर दोघांना द्यायचे. मी ताईकडे बघितलं. तिने कागद उलटा करून ठेवला होता.

"आणि दोघांचं वेगळं आलं तर?" ताईने विचारलं.

"तर दोघांना एका टेबलाशी बसवायचे, आणि स्वतः बाहेर जाऊन पायरीवर बसायचे. तुमचं जुळलं की हाक मारा, म्हणायचे. मी आत असलो तर तुम्ही माझ्या तोंडाकडे बघणार."

आग्नेसबाई गेल्या. मी काही एकदम समाधान पावलो नाही. त्या म्हणाल्या ते लॅबमधलं, पाण्याचं. नाकात नळी असलेला, धाप लागलेला माणूस सोमवारी आणि गुरुवारी असला बेत आखून बोलला असेल, हे मला पूर्ण पटत नाही. मनात आणलं तर पटतं, आणि घरी जाईपर्यंत पुन्हा पटेनासं होतं. कदाचित त्यांनी आम्हाला काहीच दिलं नसेल, नुसते थकून बोलले असतील. ताईने चहा केला. खिडकीतून समोरच्या टॉवरच्या काचांवर तांबूस ऊन आलं होतं आणि आम्ही दोघं जेवणाच्या टेबलाशी समोरासमोर बसलो होतो. तिचा चेहरा पाहून मला वाटलं, पुरे झालं. मी मोठा शहाणा लागून गेलो नाही. सत्तरीतल्या बाईला मी कशाला हरवतोय?

"जाऊ दे ताई," मी म्हटलं. "तुझंच बरोबर असेल. तिथे काही नाही. तसंच छापतो."

तिने कप खाली ठेवला. माझ्याकडे नाही, बाहेरच्या दाराकडे बघत होती. ताईकडे दुपारी आतलं दार उघडंच असतं, नुसतं जाळीचं लावलेलं, आणि जाळीतून जिन्याची वरची पायरी दिसते.

"असं नको रे करू," ती म्हणाली. "आपलं जुळलं... आणि हाक मारली, आणि ते आले नाहीत, तर?"

मी चहावर धरलेली साय बोटाने बाजूला केली. मग मी म्हणालो, आहे, तिथे आहे, मला त्यांनी स्वतः सांगितलंय. ती लगेच म्हणाली, काही नाही तिथे, तुझे कान वाजले असतील. मी म्हटलं, पुरावा दाखव. तिने कागद पुन्हा सुलटा केला, चष्मा पुसला आणि माझ्याजवळ खुर्ची ओढली.